ससा झाडाला कुठून फिरला?

सर्वसामान्य माणसाला जन्मात एकच गाठ येते. ती कुणी शिकवत नाही. पायजम्याच्या नाडीपासून ती अंगवळणी पडत जाते. सुटेल अशी शंका आली की तिच्यावर तीच गाठ पुन्हा मारायची, आणि शंका खानदानी असेल तर तिसऱ्यांदा. घरात हे शास्त्र उत्तम चालतं. गणपतीचं मखर, माळ्यावर टाकलेली गादी, गावाहून आलेली आंब्याची पेटी, गच्चीतली कपड्यांची दोरी, सगळं या एका गाठीच्या भरवशावर उभं असतं. सोडायची वेळ आली की आधी नखं, मग दात, मग काट्याचं टोक आणि शेवटी कात्री. कात्री सापडेपर्यंत बांधणारा गृहस्थ "बघ, काय घट्ट बसलीय!" असं म्हणून आजूबाजूला पाहून घेतो.

हाच गृहस्थ होडीत बसला की पंचाईत होते. पाण्यावर गाठीची खरी परीक्षा सोडताना होते. वारा फिरलेला असतो, मागची बोट भोंगा वाजवत असते, आणि हा ओल्या दोराशी दातांनी वाटाघाटी करत असतो. कात्री तिथेही चालते, पण दर वेळी दोर कापत गेलं तर हंगामाच्या शेवटी होडी बांधायला बुटाची नाडी तेवढी उरते. खलाशाचं गाठीकडे मागणं साधं असतं. पटकन बसावी, बसली की हलू नये आणि म्हटलं की सुटावी. आपण घरी यातल्या मधल्या कलमावरच समाधान मानतो, आणि तेही तीन गाठी मारून.

रायगडातल्या एखाद्या खाडीच्या धक्क्यावर रविवारी सकाळी उभं राहिलं की या विषयाचं सगळं दर्शन फुकटात घडतं. चौघा मित्रांनी भागीत घेतलेली फायबरची छोटी होडी आलेली असते. एकाने जास्त पैसे घातलेले असतात म्हणून तो सुकाणूवर बसतो. एकाकडे टोपी असते. एकाने मोबाइलवर गाठींचे व्हिडिओ पाहिलेले असतात. चौथा दोर ओढतो. या तिसऱ्याला वीस-वीस गाठींची नावं, इतिहास आणि उपयोग तोंडपाठ असतात. गाठी मात्र व्हिडिओतल्या हातांनाच येतात.

चौघे पहिलं काम करतात ते म्हणजे होडी धक्क्याला अगदी चापून बांधणं. आपल्याकडे घट्ट बांधणं हे जबाबदारीचं लक्षण समजलं जातं. पण मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत भरती आणि सुकती यांच्या पाण्यात चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. म्हणजे ज्या पाण्यावर होडी बांधली ते पाणी सहा-साडेसहा तासांत सव्वा मजला खाली निघून जातं. होडी त्याच्याबरोबर जायला निघते, आणि जबाबदार माणसाने बांधलेला दोर तिला जाऊ देत नाही. शेजारच्या होडीतला पोरगा हे बघत असतो. तो म्हणतो, "काका, सैल सोरा. सुकतीला होरी टांगल ना तुमची." काका हसतात. काकांनी नायलॉनचा दोर घेतलाय, तो तुटत नाही, असं पोराला समजावतात. पोरालाही नेमकी तीच काळजी असते.

उलटही घडतं. सुकतीला आखूड बांधलेल्या होडीचं नाक भरती येताना वर उठू शकत नाही. पाणी चढत जातं, नाक तिथेच राहतं आणि समुद्र आत येऊन बसतो. अशा वेळी चौघांतला टोपीवाला गाठीचं कौतुक करताना मी स्वतः ऐकलाय. होडी अर्धी भरली होती, पण गाठ हलली नव्हती.

त्याच धक्क्यावर दुसरा एक देखावा नेहमी दिसतो. मोठी बोट लागत असते आणि एखादा धडधाकट पाहुणा मदतीच्या उमाळ्याने तिचा दोर पकडतो. टाचा रोवतो, मागे झुकतो, चेहरा लाल करतो. बोट त्याला धक्क्याच्या कडेपर्यंत निवांत ओढत आणते. मग कुणी तरी सडपातळ खलाशी येतो, दोराचे तीन वेढे खांबाला टाकतो, टोक एका हातात धरतो आणि दुसऱ्या हातातला वडापाव पुढे खायला लागतो. बोट थांबते.

यात जादू नाही. दोर आणि खांब यांच्यातलं घर्षण वेढ्यागणिक बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. ऑयलर या गणितीने अठराव्या शतकातच हे सूत्र मांडून ठेवलंय. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने हाताची ताकद साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी त्रेचाळीस पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. दहा किलोच्या ओढीने पावणेतीन टनांहून जास्त भार धरता येतो, दोर आणि खांब टिकले तर. प्रत्येक गाठीच्या पोटात हेच चाललेलं असतं: दोर स्वतःवर किंवा खांबावर घासतो आणि घासत असल्यामुळे निसटत नाही. वडापाव खाणाऱ्याला ऑयलर माहीत नसतो. लाल चेहऱ्याच्या पाहुण्याने बहुधा इंजिनिअरिंगला तो शिकलेला असतो.

आता बोलाइनकडे येऊ. गाठींचा राजा म्हणून जिची जगभर ख्याती आहे ती ही. दोराच्या टोकाला न आवळणारा फासा करायचा, तो खांबात अडकवायचा, आणि टनभर भार पडून गेल्यावरही वरचा पट्टा अंगठ्याने मागे वाकवला की गाठ सुटते. दोष दोन. भार असताना ती सोडता येत नाही, आणि दोर ताठ व गुळगुळीत असेल, वर भार नसताना फडफडत राहिला, तर ती गुपचूप सैल होते. पण तिचा खरा दोष हा की ती सशाच्या गोष्टीतून शिकवतात.

गोष्ट अशी. दोराला एक छोटं वेटोळं घालायचं, ते बीळ. वर जाणारा दोर म्हणजे झाड. दोराचं टोक म्हणजे ससा. ससा बिळातून वर येतो, झाडाला मागून वळसा घालतो आणि पुन्हा बिळात शिरतो. ओढा, झाली बोलाइन. इंग्रजांच्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या असंच शिकवलं गेलं आणि आता आपल्याकडचे हौशी नाविक तेच शिकतात. परिणाम असा होतो की गोष्ट कायमची लक्षात राहते आणि गाठ नाही. वारा सुटलेला, होडी खडकाकडे चाललेली, आणि दोन प्रौढ माणसं एकमेकांना विचारतायत, "ससा डावीकडून गेला की उजवीकडून?" "अरे, आधी झाड बिळाच्या पुढे होतं की मागे?" "झाड सोड, ससा कुठाय?"

प्रश्न रास्तच असतो. बीळ उलटं पडलं तर ससा कितीही फिरो, ओढल्याबरोबर ससा, बीळ आणि झाड तिन्ही अंतर्धान पावतात आणि हातात सरळ दोरी राहते. ससा झाडाला दुसऱ्या बाजूने फिरला तरी एक गाठ तयार होते, ती बऱ्यापैकी टिकतेसुद्धा; तिला डावखुरी बोलाइन म्हणतात आणि ती बरी की वाईट यावर जाणकारांचे दोन तट आहेत. मला एवढंच वाटतं की बिळातून बाहेर येऊन काम उरकून परत बिळात पळणारा खेकडा आपल्या किनाऱ्यावर ढिगाने असताना खाडीत ससा आणायचं काही कारण नव्हतं. खेकडा मुळातच आडवा चालतो, त्यामुळे डावं-उजवं हा वादही मिटला असता.

क्लोव्ह हिच ही दुसरी सोयीची गाठ. खुंट्याला दोन वेढे, दुसऱ्याच्या खाली टोक, संपलं. सैल-घट्ट करायला उत्तम. पण दोर हिसके मारायला लागला किंवा खुंटा गोल फिरणारा असला की ती हळूहळू सरकते, म्हणून तिच्यावर होडी सोपवून जेवायला जाऊ नये. फार तर चहाला जावं. होडीच्या कडेला दोन शिंगांचा लोखंडी तुकडा असतो, क्लीट म्हणतात त्याला. त्यावर एक वेढा, इंग्रजी आठचा आकडा एकदा, आणि वर टोक दाबणारा उलटा पेच, एवढं बास. हौशी होडीवर मात्र आठच्या आकड्यांचा पाढा म्हटलेला दिसतो, क्लीट दिसेनासं होईपर्यंत. दोर उरलाय तर वाया का घालवा, हा त्यामागचा विचार.

शाळेत जे स्काउटमध्ये होते त्यांना रीफ नॉट आठवेल. डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दुसऱ्यांदाही डावं उजव्यावरच गेलं तर होते ती ग्रॅनी, म्हणजे आपली ती जन्मजात गाठ. (इंग्रजांनी तिला आजीचं नाव देऊन माझ्या माहितीतल्या सगळ्या आज्यांवर अन्याय केलाय, त्यांनी बांधलेलं गाठोडं मी कधी सुटलेलं पाहिलं नाही.) रीफ नॉटचं मूळ काम शीड आखडून बांधायचं. एक टोक हिसकलं की ती पटकन मोडते आणि शीड मोकळं होतं, हाच तिचा गुण. हाच गुण दोन दोर एकमेकांना जोडताना जिवावर बेततो. क्लिफर्ड अ‍ॅशली या गाठींच्या महापंडिताचं मत असं की या गाठीने जितके बळी घेतले असतील तितके बाकी सगळ्या गाठींनी मिळून घेतले नसतील. तरी स्काउटात पहिली तीच शिकवतात.

दोन दोर जोडायला शीट बेंड वापरावी, विशेषतः एक जाड आणि एक बारीक असेल तर. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा कोळीवाड्यात दारोदार जाळी दुरुस्त करणारे बसलेले असतात. त्यांची सुई ज्या गाठी घालत जाते त्या रचनेने शीट बेंडच असतात. एकदा आपल्या त्या व्हिडिओवाल्या मित्राने अशाच एका म्हाताऱ्या नाखवाला मोबाइल पुढे करून शीट बेंड दाखवली. व्हिडिओ दोन मिनिटांचा होता. नाखवाने तो शेवटपर्यंत पाहिला. हात चालूच होते. तेवढ्यात त्याची बरीच जाळी भरून निघाली. "बरी हाय," तो म्हणाला. मित्राने त्याला ती शिकून घ्यायचा सल्ला दिला.

जाळं ही तशी जुनी गोष्ट. १९१३ साली फिनलंडच्या तेव्हाच्या हद्दीतल्या अंत्रेआ भागात एका शेतकऱ्याला चर खणताना विलोच्या सालीचं जाळं सापडलं, सुमारे ३० मीटर लांब आणि दहा हजार वर्षांहून जुनं. विसर्जनानंतर महिन्याभराने मखराची दोरी सोडणाऱ्याला दहा हजार वर्षं हा आकडा फारसा मोठा वाटणार नाही.

गाठ निवडण्याआधी दोर निवडावा लागतो, आणि तो रंगावरून निवडतात. पूर्वी काथ्याचा सुंभ होता. भिजला की फुगायचा आणि गाठ आवळून धरायचा. सोडताना शिव्या खायचा, पण निसटायचा नाही. भारतीय नौदलात २०२५ मध्ये दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज तर फळ्या काथ्याच्या दोराने शिवून गोव्यात बांधलंय, अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं चित्र समोर ठेवून. आता बाजारात निळा-हिरवा पॉलिप्रॉपिलीनचा दोर मिळतो, ज्यावर कोकणातले निम्मे कपडे वाळतात. तो स्वस्त आहे आणि तरंगतो. तरंगतो म्हणून पाण्यात पडला तर सापडतो, आणि तरंगतो म्हणूनच पंख्यात अडकतो. गुळगुळीत असल्यामुळे त्याच्यावर साध्या गाठी सरकतात. नायलॉन बुडतो आणि ताणला जातो, म्हणून नांगराला चांगला. लाटेचा हिसका तो पोटात घालतो. हे सगळं दुकानदाराला माहीत असतं. पण गिऱ्हाईक विचारतं, "पिवळा आहे का? होडीला पट्टा पिवळा आहे."

ज्या अ‍ॅशलीचा वर उल्लेख आला त्याने अकरा वर्षं खपून १९४४ साली गाठींचा महाग्रंथ काढला. त्यात ३,८०० हून अधिक क्रमांकित नोंदी आहेत. गाठींच्या नादी लागलेल्या माणसाचं काय होतं याचा उत्तम नमुना त्याने स्वतःच त्यात नोंदवून ठेवलाय. कालवं धरणाऱ्या एका बोटीवर त्याला लांबून एक अनोळखी, गुबगुबीत गाठ दिसली. त्याने डोकं लढवून तशी गाठ घरी तयार केली. पुढे ती बोट जवळून बघायचा योग आला तेव्हा कळलं की ती साधी आठच्या आकड्याची गाठ होती, ओल्या दोराने फुगलेली. त्याची स्वतःची गाठ मात्र तोवर नवीच जन्माला आली होती. ५२६ क्रमांकावर तिला मानाने जागा मिळाली.

दुसरी हकिगत इंग्लंडातली. १९७८ मध्ये एडवर्ड हंटर नावाच्या निवृत्त डॉक्टरने शोधलेली नवी गाठ लंडनच्या ‘द टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. देशभर गाठवाल्यांत खळबळ. लवकरच उघड झालं की अमेरिकेतल्या फिल स्मिथने हीच गाठ पंचवीस वर्षं आधी एका गिर्यारोहणाच्या पुस्तकात दिली होती. या गडबडीत जगभरातले गाठवाले एकमेकांना सापडले आणि १९८२ मध्ये त्यांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली. पहिल्या पानावर बातमी येईल असं दुसरं काही त्या दिवशी इंग्लंडात घडलं नव्हतं की काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

एवढ्या पंडितांनी एवढ्या गाठी शोधल्या, आणि दोरी बिचारी काहीही न शिकता स्वतःच्या स्वतः गाठी मारते. अमेरिकेत रेमर आणि स्मिथ (हा स्मिथ निराळा) यांनी दोरीचा तुकडा पेटीत टाकून पेटी गरगर फिरवली, ३,४१५ वेळा. काही सेकंदांत दोरीला गाठी पडत होत्या आणि त्यांत १२० निरनिराळे प्रकार निघाले. २००८ मध्ये याला गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. अर्ध्या मीटरहून आखूड दोरीला मात्र गाठी जवळपास पडल्याच नाहीत. हा शेवटचा निष्कर्ष गळाने मासे धरणाऱ्याच्या काही कामाचा नाही, कारण त्याच्या पिशवीत शंभर मीटर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, असतो.

गळवाल्याची जात होडीवाल्याहून वेगळी. त्याची गाठ सोडायची नसतेच. काम झालं की कापून टाकायची. म्हणजे आपल्या घरगुती शास्त्राला आणि कात्रीला इथे अखेर मानाचं पान मिळायला हवं होतं. पण ती जन्मजात गाठ तंगुसावर चालत नाही. साध्या गाठीने तंगुसाची ताकद जवळपास निम्मी होते, कारण वाकल्या जागी सगळा ताण एका बाजूवर येतो आणि तो तिथेच तुटतो. म्हणून गळाच्या नेढ्यातून तंगूस काढून स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्यायचे आणि टोक परत आणून ओवायचं, ती क्लिंच. तंगूस दुहेरी करून नेढ्यातून काढायचा, सैल गाठ घालायची आणि अख्खा गळ फाशातून पलीकडे न्यायचा, ती पालोमार. विणलेली गुळगुळीत दोरी असेल तर पालोमारच बरी.

आणि आवळण्याआधी गाठ ओली करायची, हा मोठा नियम. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि कमजोर होतो. पाण्यात उभं राहूनसुद्धा गळवाला ती तोंडानेच ओली करतो. सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याला शास्त्राचा आधार असलेली महाराष्ट्रातली ही माझ्या माहितीतली एकमेव जागा.

आता मासा सुटण्याचं. सुटलेला मासा मोठाच असतो, त्यावर कुणी वाद घालत नाही. त्याने दोरी तोडली असं सांगितलं जातं, आणि ऐकणारे माना डोलावतात. पण तंगूस खोटं बोलत नाही. मासा खरंच जोरावर तोडून गेला असेल तर टोक सहसा सरळ, तुटक दिसतं. गाठ सरकून सुटली असेल तर जिथे पीळ होते तिथे तंगूस कुरळा होऊन राहतो, डुकराच्या शेपटीसारखा. ती शेपटी दिसली की मासा निर्दोष. त्याने काहीच तोडलेलं नाही, गाठ बांधणाऱ्यानेच त्याला रीतसर निरोप दिलेला आहे.

हे सगळ्या अनुभवी गळवाल्यांना ठाऊक असतं. म्हणून दोरी सैल झाली की ते पहिल्यांदा समुद्राकडे बघत नाहीत. भराभर दोरी गुंडाळतात, टोक चिमटीत पकडतात, सगळ्यांकडे पाठ करतात, खिशातल्या नेलकटरने बोटभर तुकडा उडवून खिशात टाकतात, आणि मग वळून दोन्ही हात फाकवतात. "एवढा होता!"